अकरा नंबरचा दगड

प्रतिभाला एक दगड शोधायचा होता. तुकईथडच्या पलीकडे, डोंगराच्या आत, निषिद्ध क्षेत्राच्या हद्दीवर तो कुठेतरी उभा होता आणि कोर्टाच्या कागदांत त्याचं नाव ‘स्तंभ क्रमांक अकरा’ असं होतं. तो सापडला आणि बाहेरून, लांबून त्याचा एक फोटो मिळाला, तर तिच्या वडिलांवरचा एकोणीस वर्षांचा खटला निदान जागचा हलला असता. मंगळवारी तारीख होती. ती डोंगरात निघाली त्या दिवशी शुक्रवार होता.

तिचे वडील दिगंबरराव खासगी मोजणीदार होते. एकोणीस वर्षांपूर्वी चार गावांनी तळ्यासाठी जागा पाहायला त्यांना बोलावलं होतं. नाल्याच्या कडेकडेनं मोजत, वहीत रेघा ओढत ते वर गेले, आणि दुपारी जीपमधून उतरलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्यांना वहीसकट उचललं. शासकीय गुपितांचा कायदा लागला. मनाई केलेल्या जागेत शिरणं हा गुन्हा, तिचा नकाशा काढणं हा त्याहून मोठा गुन्हा. मला वाटेत कुठेही सूचना दिसली नाही, असं दिगंबरराव पहिल्या दिवसापासून सांगत होते. अकरा नंबरचा दगड तुमच्या वाटेवरच आहे आणि त्यावर ठसठशीत अक्षरं कोरलेली आहेत, असं सरकारी बाजू सांगत होती. मग तो दगड दाखवा, असं वकिलानं म्हटलं की उत्तर यायचं, दगडाची नेमकी जागा हीसुद्धा गुप्त माहिती आहे. त्या दिवसाची वही कोर्टात लाखेनं बंद केलेल्या पाकिटात होती. तीही गुप्त. स्वतःच्या हातानं काय लिहिलं होतं, ते दिगंबररावांना पुन्हा वाचायला मिळालं नव्हतं.

जागा पाहायच्या परवानगीसाठी केलेले तीन अर्ज परत आले होते. दगड वाटेवरून दिसत नाही, एवढं एका फोटोत आलं तरी वकिलाला पुरणार होतं. दोन वर्षांपूर्वी दिगंबररावांची डावी बाजू गेली. आता ते शहरात, सिंधीपुऱ्यातल्या घरात खाटेवर असायचे. प्रतिभा शाळेत गणित शिकवायची. त्यांनी वाट तोंडी सांगितली, तिनं ती पाठ केली. कागदावर काढून द्या, असं ती म्हणाली नाही. खटला लागल्यापासून त्यांनी एक रेघ ओढली नव्हती. पाहुण्याला घराचा रस्ता सांगायचा असला तरी ते तोंडानंच सांगायचे.

तिच्याबरोबर दोघे होते. चुलतभाऊ प्रशांत सत्तावीस वर्षांचा होता. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि लांबचं टिपणारा कॅमेरा त्यानं मित्राकडून मागून आणला होता. दुसरा उखर्डू, तुकईथडचा गुराखी. साठी ओलांडलेला, वाळक्या लाकडासारखा. अटकेच्या दिवशी दिगंबररावांची मोजणीची दांडी यानंच धरली होती. मजूर म्हणून त्याला चार दिवसांनी सोडून दिलं. वाटेत दगड नव्हता, असंच त्यानंही जबाबात सांगितलं होतं.

गावात जीप ठेवून ते उजाडताच निघाले. केळीच्या बागा मागे पडल्या, कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली रानं संपली आणि चढ लागला. चैत्र होता. सालईची झाडं उघडी पडली होती, सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. नाल्यात पाणी नव्हतं, नुसते गोटे होते, आणि त्या गोट्यांवरून चालताना घोट्यांची परीक्षा होत होती. प्रशांतच्या पाठीवर बारा लिटर पाणी होतं. आपण मोहिमेचे सदस्य नाही, टँकर आहोत, असं तो पहिल्या तासातच म्हणाला. उखर्डूनं त्याच्या बुटांकडे पाहून विचारलं, की ही पादत्राणं लग्नात घालायची होती का.

प्रतिभानं निघतानाच एक नियम घालून दिला होता. दगड दिसला की थांबायचं. पुढे एक पाऊल टाकायचं नाही. फोटो बाहेरून घ्यायचा आणि परत फिरायचं. ज्या रेषेनं बापाला खाल्लं, ती ओलांडायला ती आली नव्हती.

दहाच्या सुमाराला नाल्याचे दोन फाटे जिथे मिळतात ती जागा आली. काठावर धावड्याच्या झाडाखाली एक देव होता. कमरेएवढा उभा दगड, नखशिखांत शेंदरानं माखलेला, इतका की त्याला कडा उरल्या नव्हत्या. नुसता केशरी फुगीर गोळा. समोर नारळाच्या करवंट्या, काळवंडलेले उदबत्तीचे खुंट. उखर्डूनं चपला काढल्या. त्याची आई सोजरबाई, तिची गाय एकदा तीन दिवस हरवली होती आणि याच दगडापाशी वासरासकट उभी सापडली होती. तेव्हापासून दर पोळ्याला आधी आई आणि मग तो, तेलात कालवलेला शेंदूर चढवत आले होते. आसपासचे गुराखीही आता मानायचे.

त्यांनी नारळ फोडला, तिथेच भाकरी खाल्ली. प्रतिभाला वडिलांचे शब्द आठवले. फाट्यांपाशी देव आहे, तिथे मी जेवलो, तिथून वर अर्ध्या कोसावर मला उचललं. जागा बरोबर होती. म्हणजे हद्द पुढे.

प्रशांतनं कॅमेरा काढला. रंग मस्त आहे, एक घेतो, म्हणाला. उखर्डूनं हात आडवा धरला.

“देवाचा फोटू नाही काढाचा, भाऊ. तो तुह्या डब्बीत जाऊन बसला, तं इथं कोन राहीन?”

प्रशांत हसला. “बाबा, डब्बी में सब आ जाते हैं.” पण त्यानं कॅमेरा ठेवला. तिघांनी देवाला हात जोडले आणि वर निघाले.

पुढचा दीड तास वाईट गेला. नाला अरुंद होत गेला आणि दोन्ही बाजूंनी काळे कातळ चढत गेले. ऊन त्या फटीत उतरून उकळत होतं. उखर्डूच्या ओळखीचा झरा कोरडा निघाला, तळाशी ओल्या मातीत फक्त सायाळीच्या पायांचे ठसे. प्रतिभा प्रत्येक उभ्या दगडापाशी थांबत होती, हातानं चाचपत होती, अक्षरं शोधत होती. अक्षरं कुठेच नव्हती. वडील चुकले असतील का, हा विचार तिच्या मनात पहिल्यांदा आला, आणि आला तो जाईना.

कातळ संपून वर गवताचा माळ लागला. छातीएवढं वाळलेलं, पिवळं गवत, त्याच्या टोकाला डोंगराची धार. प्रशांत पुढे होता. तो एकदम थांबला.

“ताई. ये देख.”

मातीत अर्धं रुतलेलं गंजकं लोखंड होतं. हातभर लांब, मागे चार पात्यांचं शेपूट. त्याच्यापलीकडे आणखी एक. आणखी पलीकडे जमिनीत गोल खड्डा, त्यात गवत उगवलेलं. तोफेचं असेल, आणखी कशाचं असेल, तिघांपैकी कोणालाही कळत नव्हतं. पण ते इथे का आहे, हे तिघांनाही कळलं.

“हात लावू नकोस,” प्रतिभा म्हणाली.

ते हद्दीवर नव्हते. हद्द मागे राहिली होती. कधी, कुठे, कळलंच नव्हतं! एकोणीस वर्षांपूर्वी बापाचं जे झालं, तेच आज पाऊल न पाऊल त्याच वाटेनं चालून लेकीचं झालं होतं. तिला नोकरी आठवली. वर्ग आठवला. मग खाटेवरचा माणूस आठवला. तिनं प्रशांतच्या गळ्यातला कॅमेरा काढून बॅगेत कोंबला.

आल्या पावली परत फिरायचं ठरलं. पावलात पाऊल टाकून, त्याच ठशांवरून. शंभरेक पावलं गेले असतील, तेवढ्यात उखर्डूनं नाक वर केलं.

पश्चिमेला धूर होता. मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला कोणी पेटवला असेल, की आतल्या बाजूला काही उडालं असेल, कळायला मार्ग नव्हता. आधी करडी रेघ, मग भिंत. वारा त्यांच्याच दिशेनं होता. धुरातून पक्षी बाहेर पडत होते. एक भेकर त्यांच्या अंगावरून गेल्यासारखं उडी मारून गेलं. मग आवाज आला, लांबून गाडी येते तसा घरघरणारा.

“पळा!” उखर्डू ओरडला.

ते पळाले. गवत तोंडावर चाबकासारखं बसत होतं. खाली काय आहे ते दिसत नव्हतं. आणि दिसत नव्हतं म्हणूनच प्रशांतचा पाय त्या गोल खड्ड्यांपैकी एकात गेला. कडाड! तो आडवा पडला. उठला. पुन्हा पडला. घोटा बघता बघता सुजला. प्रतिभानं पाण्याचे कॅन त्याच्या पाठीवरून सोडवले, एक उखर्डूला दिला आणि प्रशांतचा हात खांद्यावर घेतला. दहा पावलं. वीस पावलं. कातळाची फट अजून दोनशे पावलांवर होती, आणि वणवा त्यांच्याहून जोरात चालत होता. धुरानं डोळे मिटायला लागले. आगीची उष्णता पाठीवर इस्त्रीसारखी टेकली.

“जा तुम्ही,” प्रशांत म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

उखर्डू थांबला होता. “काड्याची पेटी दे, ताई. नारळासंगं होती ती.”

तिला समजलं नाही. पण तिनं दिली. तो वाकला, वाऱ्याकडे पाठ केली आणि पुढचं गवत पेटवलं. ज्या बाजूला पळायचं, तीच बाजू! काडी विझली. दुसरी विझली. तिसरी धरली. भस्सकन जाळ उठला आणि वाऱ्याबरोबर त्यांच्यापुढे उतारानं धावत सुटला. मागून मोठी आग, पुढे त्यांची स्वतःची, आणि मधे हे तिघे. उखर्डू जाळाची धार सरकायची वाट पाहत होता. सरकली. काळी, धुमसणारी जमीन उघडी पडली.

“आता!”

ते राखेत शिरले. बुटांचे तळ चिकटायला लागले. कॅनमधलं पाणी उखर्डूच्या उपरण्यावर ओतून त्यांनी तोंडं झाकली, प्रशांतला मधे घेतलं आणि पालथे पडले. मागची आग आली. काळ्या जमिनीच्या काठापर्यंत आली, तिथे तिला खायला काही उरलं नव्हतं. ती दोन्ही बाजूंनी गरजत निघून गेली. प्रतिभाच्या वेणीचं टोक जळलं. उखर्डूच्या हाताला फोड आले. पण तिघेही जिवंत होते!

मग धारेवरून गाडीचा आवाज आला. कोणी उठलं नाही. वर गाडी थांबली, दार वाजलं, माणसं आगीकडे बघून काहीतरी बोलली. प्रतिभा राखेत गाल टेकून होती. उभं राहावं, हात वर करावेत, असं तिला एकदा वाटलं. पण तुम्ही इथे कशाला आलात, या प्रश्नाचं खरं उत्तर तिला तुरुंगात नेईल असं होतं, आणि तिच्याकडे खोटं तयार नव्हतं. गाडी वणव्याच्या दिशेनं निघून गेली.

प्रशांतला मधे धरून ते कातळातून खाली उतरायला लागले. उखर्डूनं लावलेली आग त्यांच्याआधी इथून गेली होती. काठावरचं गवत, झुडपं, सगळं काळं. सूर्य कलला तेव्हा नाल्याचे फाटे दिसले. धावड्याचं खोड धुमसत होतं. आणि त्याखाली देव नव्हता.

त्याच्या जागी एक चौकोनी, पांढुरका दगड उभा होता. तेल पिऊन वर्षानुवर्षं घट्ट झालेलं शेंदराचं कवच तापून तडकलं होतं, आणि परातीएवढी एक अखंड खपली पुढच्या अंगानं निखळून राखेत पडली होती. दगडावर ठसठशीत कोरलेलं होतं: निषिद्ध क्षेत्र. प्रवेश वर्जित. ११.

उखर्डूला वाचता येत नव्हतं.

“काय लिवलं हाय, ताई?”

तिला सांगायचं टाळता आलं असतं. तिनं वाचून दाखवलं. आकडाही.

तो खाली बसला. मग म्हणाला, “माह्या मायले काय ठाऊक, अक्षरं हायेत का भेगा. मले बी काय ठाऊक.” मग तिच्याकडे वळून, “तुह्या बापानं इथं माह्या डब्यातली चटणी खाल्ली होती. पोळा नव्हता, तरी म्या त्याच्यापुढं देवाला शेंदूर लावला. माह्याच हातानं.”

प्रशांत समोरच्या एका गोट्याला टेकून बसला होता. फोटो घे, म्हणून त्यानं बॅगेकडे बोट दाखवलं, आणि लगेच बोट खाली केलं. त्यालाही कळलं होतं. आता फोटो घेतला, तर त्यात स्वच्छ, कोरीव अक्षरं येणार होती. सरकारी बाजूला हवा होता तोच फोटो! ज्या फोटोनं दिगंबरराव सुटले असते, तो सकाळी दहा वाजता काढायचा होता, आणि तिघांनी त्या वेळी हात जोडले होते.

प्रतिभानं खपली उचलली. जड होती. बाहेरून काळी. फुटलेल्या कडेला थरावर थर दिसत होते, लाल, केशरी, विटकरी, एकेका पोळ्याचा एकेक. तिनं ती उलटी केली. आतल्या गुळगुळीत बाजूवर अक्षरं उमटली होती, उलटी, उठावाची. कोरलेल्या खाचांत पहिल्या वर्षीचा शेंदूर बसला होता आणि त्याचा साचा झाला होता. बापाला उचललं त्या दिवशी अक्षरं या थरांच्या खाली होती, याचा एवढा धडधडीत पुरावा दुसरा नव्हता. खोटा ठरवायचा म्हटला तरी ठरला नसता.

निखळलेलं कवच वाहत्या पाण्यात सोडावं लागतं, असं उखर्डू म्हणाला. तापीत. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, की आधी सायबाला, तुह्या बापाला दाखवू, मग सोडू. त्यानं उपरणं सोडून कवच त्यात बांधलं आणि डोक्यावर घेतलं. सिंधीपुऱ्यापर्यंत त्यानं ते कोणाला धरू दिलं नाही.

शनिवारी प्रशांतच्या पायाला प्लास्टर पडलं, आणि प्रतिभानं वकिलांना फोन केला. त्यांनी मोजून सांगितलं. ही वस्तू कोर्टापुढे ठेवली, तर खटल्याची उभं राहायची ताकद जाईल असं त्यांनाही वाटत होतं. पण पहिला प्रश्न येईल, हे आणलं कुठून आणि कोणी. दुसरा येईल, सूचनेवर शेंदूर कोणी फासला, किती वर्षं आणि आत शिरून का. दोन्ही प्रश्नांना नावं द्यावी लागतील.

खोलीत उखर्डू जमिनीवर बसला होता. त्याला हे सगळं आधीच समजलेलं दिसलं.

“मी सांगतो कोर्टात,” तो म्हणाला. “माह्या मायचं नाव सांगतो, माह्यं बी सांगतो. नेऊन नेऊन कुठं नेतीन?”

हो म्हणावं, असं प्रतिभाला वाटत होतं. तिला ते इतकं वाटत होतं, की तिनं मान खाली घातली.

दिगंबरराव उजव्या हातानं कवच चाचपत होते. बोट एकेका उलट्या अक्षरावरून, मोजणीदाराच्या सवयीनं, डावीकडून उजवीकडे आणि परत. अकराच्या आकड्यापाशी बोट थांबलं. त्यांचे ओठ अर्धेच हलायचे, त्यामुळे शब्द सावकाश यायचे.

“वहीत मी लिहिलंय,” ते म्हणाले. “फाट्यापाशी शेंदराचा देव. एवढंच. मला वाटायला लागलं होतं, मीच बघितलं नसेल.” मग उखर्डूकडे वळून त्यांनी विचारलं, “गुरं किती आहेत तुझ्याकडे?”

“तीन म्हशी. आन् गावची धरून चाळीस.”

“आणि तारखेला कोण राखील ती?”

उखर्डूनं मान खाली घालून उपरण्याचं टोक पिळलं.

“एकोणीस वर्षं,” दिगंबरराव म्हणाले. “मला तारखांची सवय झालीय, उखर्डू. तुला नाही होणार. आणि हिलाही होऊ द्यायची नाहीये मला.” त्यांनी कवच उपरण्यात पुन्हा ठेवलं. एका हातानं गाठ बसेना, तेव्हा प्रतिभानं बांधली.

“बाबा,” ती म्हणाली, “मग मी गेले कशाला?”

“मला सांगायला,” ते म्हणाले. “मला कळलं. आता नदीवर जा.”

रविवारी दुपारी नावाड्यानं त्यांना तापीच्या मधोमध नेलं. पलीकडे जैनाबादची घरं उन्हात पांढरी पडली होती. पाणी कमी होतं, पण मधे धार होती. उखर्डूनं कवच दोन्ही हातांनी पाण्यावर धरलं. सोडताना त्याचे हात लगेच उघडले नाहीत. मग उघडले. ते काळ्या बाजूनं वर, अक्षरं खाली, असं बुडालं, आणि खालून चार-दोन बुडबुडे आले.

परत येताना पुढच्या पोळ्याचा विषय निघाला. शेंदूर लावायचा नाही, असं उखर्डूनं ठरवलं होतं. अक्षरं उघडी राहिली, तर पुढचा माणूस वाचून मागे फिरेल. गुराख्यांनाही तसं सांगणार होता. ते मानतील का, हे त्याला माहीत नव्हतं. देव कुठे गेला, असं विचारतील, म्हणाला, आणि काय सांगायचं तेही त्याला माहीत नव्हतं.

मंगळवारी प्रतिभानं रिक्षातून वडिलांना कोर्टात नेलं. नावाचा पुकारा झाला. सूचना दिसली होती का, असं पुन्हा विचारलं गेलं. दिसली नव्हती, असं दिगंबररावांनी सांगितलं. या वेळी ते शांतपणे म्हणाले, आणि पुढे काही जोडलं नाही. लाखेचं पाकीट टेबलावर होतं, तसंच बंद. सरकारी बाजूनं मुदत मागितली. पुढची तारीख जूनमधली पडली.

ती लिहून घ्या, असं कारकून म्हणाला. दिगंबररावांनी मान हलवली आणि ती तोंडपाठ केली.